मी, धाकटी आणि नेमसिंगकाकांचा कान

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटातली, नाडीनं बांधलेली, झुरळांनी कुरतडलेली नव्हे बरं का! मी संगणकातली फाईल. मला हात लावता येत नाही, हुंगता येत नाही, तराजूत टाकलं तर काटा जागचा हलायचा नाही. पण मी जागेवर नसले ना, तर भल्याभल्यांची बोलती बंद होते. आणि परवा तर कमालच झाली. मी चक्क एका लग्नाला जाऊन आले! तांड्यावरच्या लग्नाला, जीपमध्ये बसून! कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय मला. पण आपली कहाणी सांगायची म्हणजे जन्मापासून सांगावी लागते, म्हणून जरा दम धरते.

माझा जन्म वसमतचा. एसटी स्टँडच्या समोरच्या गल्लीत युसूफभाईंचं घड्याळाचं दुकान आहे. त्यांचा हात असा बारीक कामाचा, की डोळ्याला दिसणार नाही असा स्क्रू ते चिमट्यात धरून बोलता बोलता बसवायचे. पुढं लोक वेळ बघायला खिशातला मोबाईल काढू लागले आणि घड्याळांची गिऱ्हाइकी आटली. युसूफभाई काही हात बांधून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुकानात कानाच्या मशीन ठेवायला सुरुवात केली. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं कानात घालतात ना, ती मशीन.

आता गंमत अशी की कानाची मशीन चष्म्यासारखीच असते. प्रत्येकाचा नंबर वेगळा. एखाद्याला चिमणी ऐकू येत नाही, एखाद्याला ढोल ऐकू येत नाही. ज्याचं जे कमी पडतं तेवढंच मशीननं वाढवायचं असतं. ते माप आधी घ्यायचं आणि मग तारेतून मशीनमध्ये भरायचं. त्यासाठी युसूफभाईंच्या मुलीनं, कहकशानं, एक प्रोग्राम लिहिला. ती संगणकाचं शिकलेली, सकाळी क्लासमध्ये मुलांना शिकवायची आणि दुपारनंतर दुकानात बसून तो प्रोग्राम रचायची. त्याचं नाव तिनं ठेवलं ‘आवाज’.

बाहेरून बघणाऱ्याला ‘आवाज’ म्हणजे पडद्यावरची एक खिडकी दिसते. पण आत आमचं अख्खं गणगोत नांदतं! एक फाईल चित्रं काढते, एक हिशेब करते, एक सगळ्यांच्या कानांची मापं जपून ठेवते. प्रोग्राम लिहिणारी माणसं अशा तयार भागांना ‘असेंब्ली’ म्हणतात. मी त्यातलीच एक. कानाच्या मशीनशी तारेतून बोलायचं काम माझं, म्हणून कहकशानं माझं नाव ठेवलं ‘तार’.

माझ्यामागं आणखी एक जण आहे. एवढीशी. ती कहकशानं लिहिलेली नाही, संगणक आणि कानाची मशीन यांच्यामध्ये तारेला जी छोटी डबी असते, तिच्यासोबत कारखान्यातूनच आली. तिच्या नावात नुसती अक्षरं आणि आकडे, उच्चारायला गेलं तर जिभेला गाठ पडावी. म्हणून मी तिला धाकटी म्हणते. तिला एकच काम येतं, झोपलेली तार जागी करायची. ती तार जागी करते आणि मग मी तारेतून बोलते. धाकटी नसेल तर मी मुकी. हे आमचं आम्हालाच माहीत होतं, बाहेर कुणाला त्याचं काय?

काय दिवस होते ते! कहकशा बटण दाबायची की ‘आवाज’ मला हाक मारायचा, मी धाकटीला हाक मारायची आणि आम्ही तिघं मिळून बहिऱ्या माणसाच्या कानात दुनिया ओतायचो. आठवलं की अजून माझा ऊर भरून येतो.

नेमसिंगकाका पहिल्यांदा आले तो दिवस तर मी कधीच विसरणार नाही. ते जवळा बाजार गावाच्या बाजूच्या बंजारा तांड्यावरचे. उभी हयात मळणी मशीनवर गेली त्यांची. सोयाबीन, तूर, ज्वारी, जे असेल ते काढायचं आणि दिवसभर त्या घरघरीशेजारी उभं राहायचं. त्या घरघरीनं त्यांचे कान खाल्ले. कहकशानं त्यांचं माप घेतलं, आम्ही ते मशीनमध्ये भरलं, आणि काका उठून दोन पावलं चालले. लगेच थबकले.

“हे काय वाजून राहिलं?” ते म्हणाले.

“काका, तुमच्या वाहणा हायत त्या,” कहकशा म्हणाली.

मग काय सांगू मित्रांनो! तो एवढा थोराड माणूस दुकानात इकडून तिकडं चालत सुटला. चामड्याच्या वाहणा करकर वाजायच्या आणि काका लहान लेकरासारखे हसायचे. गल्लीतली माणसं जमली बघायला. सगळ्यांनी युसूफभाईंची तारीफ केली, कहकशाची केली, त्या मशीनची तर केलीच केली. माझं नाव कुणी घेतलं नाही. मला राग येतो का? येतो की! पण फाईलचं जिणंच असं. नीट चाललं तर कुणाला आम्ही आठवत नाही आणि बिघडलं की पहिलं आमचंच नाव पडद्यावर.

तर अशी वर्षं गेली. आमचा जुना संगणक दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात, घरघर करत चालायचा. एक दिवस लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्यानं जे डोळे मिटले ते मिटलेच. कहकशानं नवा लॅपटॉप आणला, जुन्याची डिस्क काढून तिच्यातून आम्हा सगळ्यांना उचलून त्यात ठेवलं आणि क्लासची वेळ झाली म्हणून निघून गेली. नव्या घरात आम्ही सगळे एकाच खोलीत, म्हणजे एकाच फोल्डरमध्ये होतो, मजेत होतो. तेवढ्यात युसूफभाईंनी चष्मा पुसून डोळ्यावर चढवला.

त्यांनी आमची खोली उघडली आणि कपाळाला हात लावला. “या अल्ला, काय हा पसारा! लहान-मोठं सगळं एकातच!”

आता त्यांची चूक म्हणावी तरी कशी? माणूस जन्मभर घड्याळं खोलत आला. त्यांच्या उस्तादांची शिकवण अशी की पांढरं फडकं अंथरायचं, मोठे भाग एका डबीत, मधले दुसऱ्या डबीत, आणि अगदी बारके भाग मेजावर ठेवायचेच नाहीत. शिंक आली की उडून गेले म्हणून समजा. ते झाकणाच्या पत्र्याच्या डबीत घालून डबी सदरीच्या खिशात टाकायची. युसूफभाईंनी आमचंही तेच केलं. कव्वाल्या पेनड्राइव्हवर भरून नेण्याची त्यांना सवय होती, त्यामुळं फाईल इकडची तिकडं करणं त्यांना येत होतं. मोठ्या फाईली ‘मोठे’ नावाच्या खोलीत गेल्या. मी ‘मधले’ मध्ये गेले. आणि धाकटीला, इतर चिल्लीपिल्लींसोबत, त्यांनी पेनड्राइव्हवर चढवलं, पेनड्राइव्ह पत्र्याच्या डबीत घातला आणि डबी गेली खिशात.

वरून खिसा थोपटून म्हणतात कसे, “आता कसं बराबर झालं!”

मी ओरडत होते हो आतून! पण फाईलचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

पुढं काही दिवस कानाचं गिऱ्हाईक आलं नाही आणि हा घोटाळा कुणाला कळला नाही. आणि मग उजाडला तो लग्नाचा दिवस.

सकाळी दुकान उघडून झाडूही फिरवून झाला नव्हता. दारात करकचून ब्रेक दाबत जीप थांबली आणि नेमसिंगकाका उतरले. पटका पिवळा, मिशा पिवळ्या, गळ्यापर्यंत माणूस हळदीनं माखलेला! सोबत त्यांचा मुलगा देविदास. काकांच्या मुठीत रुमालाची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत त्यांची कानाची मशीन. तिच्या भोकाभोकातून हळद गळत होती.

“युसूफभाई, मेली हो ही!” काका ओरडले. बहिरा माणूस मोठ्यानंच बोलतो, त्याला स्वतःचा आवाज कळत नाही ना.

देविदास म्हणाला, “काल हळद होती बहिनीची, आमच्या दिपाची. मावश्यांनी आमच्या बापाला धरून हळद फासली अन् घागरच उलथी केली डोक्यावर. मशीन काढायचं कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं.”

युसूफभाईंनी मशीन खोलून पाहिली आणि मान हलवली. ती काही वाचणार नव्हती. त्यांनी कपाटातून कोरी मशीन काढून काकांच्या कानात घातली. पण कोरी मशीन म्हणजे माप नसलेला अंगरखा. ती कर्रर्र किंचाळली आणि काकांनी झटक्यात ओढून काढली.

“आरं बापा! हे तर मळणी मशीनच कानात शिरल्यावानी वाटून राहिलं!”

“काका, थांबा,” कहकशा त्यांच्या समोर उभी राहून सावकाश म्हणाली, म्हणजे त्यांना ओठ वाचता यावेत. “तुमच्या कानाचं माप हाय आपल्याकडं. आत्ता भरून देते.”

काका खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. म्हणाले, “बाई, आज सांजच्याला पोरगी सासरी चालली. आमच्यात ढावलो असतो. जाताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाती, ज्याला त्याला काय सांगायचं ते त्यातच सांगती. आता पोरींना कुठं येतो? पण माझ्या दिपानं शिकून घेतला, माझ्यासाठी वेगळा बांधला म्हनं तिनं. ती गाऊन जाईल अन् म्या नुसता तिच्या तोंडाकडं पाहत बसल, असं नको होया. येवढं कर माझं.”

मित्रांनो, लॅपटॉपला कान असतो, पडद्याच्या वर बारका डोळाही असतो, त्या कानातून मी हे सगळं ऐकलं. माझं अंग अंग फुरफुरायला लागलं. चला, चला, लवकर हाक मारा मला, असं झालं! कहकशानं ‘आवाज’ उघडला. आणि धप्पकन पडद्यावर लाल फुलीचा चौकोन आला. अमुक फाईल सापडत नाही.

“सापडत न्हाई म्हंजे? परवाच तर ठेवल्या मी.” तिनं आमची खोली उघडली. खोली जवळजवळ रिकामी! शेजारी दोन नव्या खोल्या, ‘मोठे’ आणि ‘मधले’. तिनं हळूच मान वळवून वडिलांकडं पाहिलं.

“अब्बा, हे काय केलं तुमी?”

“लावून ठेवलं बेटा,” युसूफभाई मोठ्या खुशीत म्हणाले. “सगळं गिचमिड होतं. आता डबीतल्यावानी साफ.”

“अब्बा, घड्याळ न्हाई हो हे! प्रोग्राम आपल्याच खोलीत शोधतो. शेजारच्या खोलीत बी डोकावत न्हाई तो!”

तिनं हसावं की रडावं अशा तोंडानं आम्हाला भराभर उचललं आणि पूर्वीच्या जागी आणून ठेवलं. मी तर उड्या मारतच आले. आली गं बाई घरी, म्हटलं! तिनं पुन्हा ‘आवाज’ उघडला. खिडकी उघडली, चित्रं आली, काकांचं नाव आलं, माप आलं. तिनं तार जोडली, ‘भरा’ हे बटण दाबलं आणि पुन्हा लाल फुली. इंग्रजीत लांबलचक वाक्य आणि त्यात पहिलं नाव कुणाचं असेल? माझं! ‘तार’ ही फाईल लोड करता आली नाही!

अहो, मी तिथंच उभी होते की! दारात! हात वर करून! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला हाक आली, मी उठले, धाकटीला हाक मारली. धाकटी नाही. मग मी उभी कशाच्या जोरावर राहणार? पडले. आणि जी पडली तिचं नाव पडद्यावर. त्या वाक्याच्या शेवटी सरळ लिहिलेलं होतं की ‘तार’ किंवा तिला लागणारी दुसरी एखादी फाईल सापडत नाही. पण घाईत शेवटपर्यंत कोण वाचतंय? माझं नाव दिसलं की कहकशाचे डोळे तिथंच थांबायचे.

तिनं मला पुसून पुन्हा ठेवलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. माझ्या नावातलं एक न एक अक्षर तपासलं. फुली ती फुली. तेवढ्यात देविदासच्या फोनवर त्याची आई शकुंतलाबाई. फोन कानापासून हातभर लांब होता तरी सगळ्या दुकानाला ऐकू आलं. “आरं, नवरदेवाची मानसं येऊन ऱ्हायली! नवरीचा बाप कुठाय म्हनून विचारून ऱ्हायलेत, काय सांगू मी त्याह्यला?”

देविदास घाबरा झाला. काका सगळ्यांच्या तोंडांकडं बघत होते, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. मग कहकशानं लॅपटॉप मिटला, नवी मशीन आणि तार पिशवीत टाकली आणि ओढणी सावरली. “चला. मी येते संगं. जीपमध्ये बघते.”

युसूफभाईंनी लगेच टोपी चढवली. “मला तर आवतनच हाय.”

आणि मी निघाले! आयुष्यात पहिल्यांदा दुकानाबाहेर! मित्रांनो, रस्त्यात खड्डे होते की खड्ड्यांत रस्ता, ते मला विचारू नका. लॅपटॉप कहकशाच्या मांडीवर उडायचा आणि उडता उडता ती बटणं दाबायची. काका पुढं बसून मागं वळून वळून बघत होते. कहकशा मान हलवायची, म्हणजे अजून नाही. मग ती पुटपुटली आणि ते शब्द मला लागले. “ही फाईल लई जुनी झाली. नव्या लॅपटॉपला चालत न्हाई वाटतं. हिला काढूनच टाकावं लागतंय.”

काढून टाकावं! मला! ज्या तारेतून मी माणसांना त्यांच्या लेकरांचे आवाज दिले, त्याचं हे फळ? आणि मला काढून नवी घडवायला काही दिवस लागले असते, तोवर दिपा कुठल्या कुठं गेली असती. मला माझ्यापेक्षा काकांसाठी रडू येत होतं, खरंच सांगते.

तांडा आला. डीजेचा असा दणका की लॅपटॉपच्या पडद्याला कंप सुटला. काका उतरले तसे लोकांनी त्यांना ओढून मांडवात नेलं. कहकशाला देविदासनं घरातल्या खोलीत धान्याच्या पोत्यांपाशी बाज टाकून दिली. बाहेर लग्न लागलं. टाळ्या पडल्या, पंगती बसल्या, आणि आत आमची फुली काही जाईना. दार उघडं होतं, त्यातून मला काका दिसायचे. कुणीही काही बोललं की ते नुसते मान डोलवायचे. एकदा तर व्याह्यांनी पाणी मागितलं आणि काकांनी हात जोडून “समदं तुमचंच हाय” म्हटलं! लोक हसले. काकाही हसले, पण त्यांना कशाला हसतात ते कळलं नव्हतं.

मग एकदम डीजे थांबला.

दुरून एक बारीक, थरथरता सूर आला. कहकशाचे हात थांबले. दिपानं ढावलो धरला होता. ती आधी काकूच्या गळ्यात पडली, मग मावश्यांच्या. त्यांची बोली गोरमाटी. दुकानात तांड्यावरची माणसं येतात म्हणून मला ती थोडी कळते. बायका डोळ्याला पदर लावत होत्या, दिपा एकेकीला सोडून पुढं सरकत होती, आणि बापाची पाळी जवळ येत चालली होती.

कहकशाचे डोळे भरून आले. क्लासमध्ये मुलांना ती रोज सांगते, घाई करू नका, काय लिहिलंय ते पूर्ण वाचा. आता तिनं डोळे पुसले आणि ते वाक्य पहिल्यापासून, बोट ठेवत ठेवत, शेवटपर्यंत वाचलं.

“किंवा तिला लागणारी दुसरी एखादी...” ती ताडकन उठली. “अगं बाई! तार हाय की जागेवर! तारेच्या मागं कोन हाय?”

मी जागेवर आहे म्हणून सांगत होते ना इतका वेळ! धाकटी! धाकटी म्हण!

“तिचं नाव कुठंय... ती तारेच्या डबीसंगं आलेली, सगळ्यात बारकी...” तिनं आमची खोली वरपासून खालपर्यंत पाहिली आणि दाराकडं धावली. “अब्बा! मोठे झाले, मधले झाले, बारके कुठं ठेवले?”

युसूफभाई पंगतीत बसले होते. त्यांनी डावा हात शांतपणे सदरीच्या खिशात घातला, पत्र्याची डबी काढली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, “हे काय. बारकं कधी मेजावर ठेवत नसतेत बेटा. शिंक आली की गेलं!”

देविदासनं कपाळावर हात मारून घेतला. “काखेत कळसा अन् गावाला वळसा! चाचा, जीपमधी माझ्या मांडीला घासून बसले व्हते तुमी!”

“मला काय माहीत हेच पाहिजे म्हनून? तुमी तार तार म्हनून राहिले व्हते!”

भांडायला वेळ कुणाला होता! कहकशानं डबी हिसकली, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि आली, माझी धाकटी आली! दमलेली, डबीत हिंदकळून हिंदकळून अर्धी झालेली, पण आली. मी म्हटलं, “कुठं होतीस गं बये? तुझ्यापायी मला चोर ठरवलं!” ती म्हणाली, “मला तर कुणी हाकच मारली नाही.” तिला मी मिठी मारली असती, पण तेवढ्यात ‘आवाज’नं मला हाक मारली. मी उठले. मी धाकटीला हाक मारली. धाकटी उठली. तारेच्या डबीवरचा दिवा लुकलुकला आणि मी बोलले! काकांच्या कानाचं माप, त्यातला एक न एक कण, मी तारेतून त्या कोऱ्या मशीनमध्ये ओतला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. अहाहा! त्या हिरव्या खुणेसाठी मी पुन्हा जन्म घ्यायला तयार आहे.

देविदास मशीन मुठीत धरून पळाला. कहकशा त्याच्यामागं पळाली आणि घाईत लॅपटॉप मिटायचा विसरून, उघडाच काखेत मारून पळाली. म्हणून तर मला सगळं दिसलं, थोडं तिरपं दिसलं एवढंच.

दिपा आईच्या गळ्यात होती. शकुंतलाबाई तिला सोडत नव्हत्या. काका बाजूला उभे होते, हात लोंबकळत, जिवणी घट्ट मिटलेली. देविदासनं मागून जाऊन मशीन त्यांच्या कानात बसवली. काकांनी मान जरा झटकली. एवढंच. दिपानं काही पाहिलं नाही, तिचे डोळे पाण्यानं भरलेले होते.

ती बापापाशी आली. त्याच्या गळ्यात हात टाकले. तोंड कानापाशी नेलं आणि मशीन येण्याआधीच्या, लहानपणच्या सवयीनं, पोटातला सगळा जोर काढून, एवढ्या मोठ्यानं ओरडली, “बाऽऽऽ!”

पाहुणे दचकले. एक लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. दिपा तशीच ओरडत, घसा ताणून, रडत, बापासाठी बांधलेला ढावलो म्हणायला लागली. गाणं कसलं, ती नुसती आरोळी होती. शेतातून बांधापल्याड हाक मारावी तशी. कारण मशीन मेल्यावर तिच्या बापाला दुसऱ्या कुठल्या आवाजात काही सांगताच येत नाही, एवढंच तिला माहीत होतं.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“हळू म्हन, बाई,” ते म्हणाले. “मला ऐकू येऊन राहिलं.”

दिपा ओरडायची थांबली. तिनं बापाकडं बघितलं, मग कानाकडं बघितलं. आणि मग तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं आणि हळू, अगदी हळू, शेजारच्याला कळणार नाही अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. तिनं काय गायलं ते मला ठाऊक नाही. मला फक्त ‘बा’ ऐकू आला, पुन्हा पुन्हा. ते त्या दोघांचंच होतं. काकांच्या पिवळ्या मिशा भिजल्या होत्या. ढावलो संपला, तर ते म्हणाले, “पुन्यांदा म्हन.” तिनं पुन्हा म्हटला.

तिकडं नवरदेवाच्या गाडीनं हॉर्न द्यायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मग चांगला लांब. कुणीतरी काकांच्या दंडाला धरून खुणेनं सांगायला लागलं की गाडी खोळंबली आहे.

काका म्हणाले, “ऐकलं म्या. वाजू दे.”

आणि दिपाला म्हणाले, “तू म्हन.”

कहकशा तिथंच मातीत बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. युसूफभाई रिकामी पत्र्याची डबी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, “बेटा, पुन्हा न्हाई असं करनार.” ती म्हणाली, “करा हो अब्बा. फकस्त मला सांगून करा.”

मित्रांनो, आता मी परत दुकानात आहे. माझ्या खोलीत, माझ्या जागेवर. कहकशानं मला काढून टाकलं नाही. मला काही फार मोठी शहाणी गोष्ट सांगता येत नाही, मी एक साधी फाईल. पण एवढं ऐका. फाईल बारकी आहे म्हणून तिला एकटीला कुठं दूर ठेवू नका. पडद्यावर काही लिहून आलं तर पहिलं नाव वाचून कुणावर आळ घेऊ नका, शेवटपर्यंत वाचा. हळद लावण्याआधी काकांची मशीन काढून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, आणि तुम्ही त्यांच्याशी सगळं ओरडूनच बोलत आला असाल, तर त्यांना घेऊन या आमच्याकडं. उशीर करू नका. आम्ही दोघी जागेवर आहोत.